रिकामं कॅरेट रिकामं नसतं: मृगाआधीचा पीक संरक्षण सल्ला

मृग तोंडावर आला आहे. खरीप टोमॅटोची रोपं तयार होत आहेत, आल्याचं बेणं घरात येऊन पडलं आहे, आंब्याचा शेवटचा माल निघतो आहे. माल घेऊन बाजारात गेलेला टेम्पो याच दिवसांत रिकामी कॅरेट भरून परत येतो आणि ती कॅरेट थेट रोपांच्या कडेला उतरवली जातात. खताचं वेळापत्रक चोख, फवारणी वेळेवर, तरीही लागवडीनंतर महिनाभरात टोमॅटोच्या पानावर पारदर्शक चट्टे दिसू लागतात. अशा प्लॉटमध्ये पहिलं झाड कुठलं लागलं ते शोधा. पुष्कळ वेळा ते कॅरेट उतरवायच्या जागेजवळचं निघतं.

मोठ्या बाजार समितीत इजिप्तची संत्री, इराणची किवी, अमेरिकेचं सफरचंद आणि आपला माल एकाच आवारात असतो. परदेशी फळ पुठ्ठ्याच्या पेटीत येतं. तिथे ते निवडलं जातं, चांगलं पुढे जातं आणि डागी माल हाताला येईल त्या कॅरेटमध्ये पडतो. तेच कॅरेट दोन आडत्यांकडे फिरून शेतकऱ्याच्या टेम्पोत चढतं. दिलेलीच कॅरेट परत मिळतील याची खात्री कुणी देत नाही.

बंदरावर तपासणी होत नाही असं नाही. बाहेरच्या किडी रोखण्यासाठी 1914 चा कायदा आहे आणि 2003 चा वनस्पती विलगीकरण आदेश आहे. त्यानुसार आयात परवाना लागतो, पाठवणाऱ्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, न्हावा शेव्याला अधिकारी माल पाहतात. पण ते नमुने काढून पाहतात, प्रत्येक फळ कापून नव्हे. फळमाशीचं अंडं सालीखाली असतं, जेमतेम एक मिलिमीटर लांब. बाहेरून फळ तुकतुकीत दिसतं. शिवाय या आदेशात खाण्यासाठी येणारा माल आणि लावण्यासाठी येणारा माल यांच्या अटी वेगळ्या आहेत. लावण्याच्या मालाला कडक अटी, त्यातल्या काहींना आल्यानंतरही वेगळं ठेवून निरीक्षण. खाण्यासाठी तपासलेला माल पेरणीसाठी तपासलेला नसतो, हे वाक्य खाली बेण्याच्या भागात पुन्हा येईल.

बाहेरून आलेल्या तण-किडींची ही उदाहरणं पाहा. गाजर गवत 1955 च्या सुमारास पुण्यात ठळकपणे नजरेस आलं. परदेशी धान्याबरोबर ते आलं असं मानलं जातं. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 ला कोइमतूरकडे दिसला आणि लवकरच महाराष्ट्रात पोहोचला. टोमॅटोवरची टुटा नागअळी (सुरुवातीला सांगितलेले पारदर्शक चट्टे तिचेच) मूळची दक्षिण अमेरिकेतली. 2006 ला ती स्पेनमध्ये सापडली आणि 2014 ला महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर. अमेरिकन लष्करी अळी 2018 ला आली, पण तिचा पतंग स्वतःच लांब उडतो. कॅरेट धुऊन ती थांबणार नाही. टुटाचं तसं नाही. ती लांबचा पल्ला मुख्यतः फळांतून, रोपांतून आणि कॅरेटमधून गाठते. म्हणून जोर कॅरेटवर.

कॅरेट

टुटाची अळी पान, फळ सोडून कोषात जाते ती मातीत, वाळक्या पानाच्या घडीत, देठाच्या टोपीखाली किंवा कॅरेटच्या कोपऱ्यातल्या खाचेत. कोष पाच-सहा मिलिमीटरचा, तपकिरी. चिखलाच्या खड्यासारखा दिसतो म्हणून सुटतो. नुसतं पाणी मारल्याने तो निघत नाही, कारण खाचेत पातळ रेशमी वेष्टनाने चिकटलेला असतो. एक मादी अडीचशेच्या आसपास अंडी घालते. चार कोष आले तरी पुरे.

काम या क्रमाने करा. कॅरेट टेम्पोत चढवण्याआधी बाजाराच्या आवारातच उलटं आपटा; पाला, देठ, फुटकी फळं तिथेच राहू द्या. घरी आल्यावर रानात उतरवू नका. रस्त्याकडेला, रोपवाटिकेपासून जमेल तेवढी लांब, पक्की किंवा चोपलेली एक जागा ठरवा आणि कॅरेट तिथेच उतरतील असं ड्रायव्हरला बजावून ठेवा. आधी पाण्याच्या जोराने माती काढा. मग कपडे धुण्याची पावडर घातलेल्या पाण्यात ताठ ब्रशने कोपरे, तळाच्या पट्ट्या आणि हात घालायच्या खोबणी घासा. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा.

त्यानंतर क्लोरीनचं पाणी. 10 लिटर पाण्यात 35 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, पिंप प्लास्टिकचं, कॅरेट 10 मिनिटं बुडवून ठेवायचं. क्रम उलटा करू नका. चिखल असेल तर क्लोरीन चिखलातच संपतं आणि हाती नुसतं वासाचं पाणी राहतं. पावडर ताजी हवी. डबा उघडल्यावर नाकाला झोंबली नाही तर ती मेलेली समजा. द्रावण त्याच दिवशी करा, गढूळ झालं की बदला. हातमोजे घाला आणि त्यात ॲसिड किंवा दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. हे पाणी विहिरीकडे, ओढ्याकडे किंवा वाफ्यात जाऊ देऊ नका.

दुकानात याच कामासाठी निर्जंतुकाचा महागडा कॅन गळ्यात मारला जातो. आधी ब्रशने घासलं नसेल तर त्याचाही उपयोग नाही, आणि घासलं असेल तर साधी ब्लीचिंग पावडर काम करते. टोमॅटोचे काही विषाणू हाताला, कपड्याला आणि प्लास्टिकला चिकटून जिवंत राहतात. नुसत्या उन्हाने ते जात नाहीत, त्यांच्यासाठी साबणाची घासणी हवीच.

शेवटी ऊन. कॅरेट एकावर एक न रचता उलटी पसरून दिवसभर ठेवा. अडचण पुढे येते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ऊन मिळत नाही आणि नेमकी तेव्हाच धुलाई बंद पडते. त्यासाठी कॅरेटचे दोन संच करा. एक वापरात, दुसरा ताडपत्रीत घट्ट गुंडाळून तीन आठवडे बंद. आतल्या कोषातून पतंग निघाला तरी त्याला अंडी घालायला पान मिळत नाही, आणि तो तिथेच मरतो. ताडपत्रीच्या कडा मातीने दाबा. वर सैल टाकलेली ताडपत्री म्हणजे नुसती सावली. आपल्या कॅरेटवर ऑइलपेंटने ठळक खूण करा आणि दुसऱ्याचं आलं तर ते धुतल्याशिवाय संचात मिसळू नका.

कॅरेटच्या जागेजवळची कांगोणी उपटून टाका, टुटा तिच्यावरही जगते. तिथेच टुटाचा कामगंध सापळा लावा: पसरट घमेल्यात पाणी, थोडा साबण किंवा तेल, वर ल्यूर (पतंगाला ओढणाऱ्या गंधाची गोळी). हा अंदाज कुठल्या पत्रकात मिळणार नाही, पण कॅरेटजवळच्या सापळ्यात पतंग आधी पडतात आणि प्लॉटमधल्या सापळ्यात नंतर. मधले दिवस आपल्या हातात असतात. त्या दिवसांत नागमोडी चट्ट्याची पानं हाताने खुडून पिशवीत बंद करा आणि सापळे एकरी 16 ते 20 करा. तरी अळी वाढली तर क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससी हे कीटकनाशक, 10 लिटरला 3 मिली. पुढची फवारणी लागली तर वेगळ्या गटातलं औषध घ्या. एकाच वेळी तीन औषधांचं मिश्रण करून देणाऱ्या दुकानदाराला लेबलवर ते मिश्रण कुठे लिहिलं आहे ते दाखवायला सांगा.

सडका माल जनावरांना

बाजारातून डागी फळं स्वस्तात किंवा फुकट मिळतात, म्हणून जनावरांसाठी आणली जातात. निम्मी खाल्ली जातात, उरलेली उकिरड्यावर. इथे दुसरी चूक होते. फळमाशीची अळी फळ सोडते, दोन ते पाच सेंटिमीटर मातीत शिरते आणि कोष करते. उबदार हवेत आठ-पंधरा दिवसांत माशी बाहेर येते. उकिरड्याची भुसभुशीत, ओलसर कड तिला अगदी सोयीची. वळवाचा चांगला पाऊस झाला की आठवड्याभराने माशी एकदम वाढलेली दिसते, असा रानातला अनुभव आहे. पेरू, आंबा, डाळिंब, संत्र्याच्या बागेशेजारी असा उकिरडा असेल तर बागेत कितीही खर्च केला तरी तो वाया जातो.

आपल्याकडच्या फळमाश्या आधीच पुरेशा आहेत. भूमध्य सागरी फळमाशी भारतात अजून ठाण मांडून बसलेली नाही आणि लिंबूवर्गीय फळं तिच्या खास आवडीची. नागपुरी संत्र्याला ती लागली तर काय होईल याचा हिशेब कुणी करू नये. 2014 च्या मे महिन्यात फळमाशीच्याच कारणाने युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला होता, तो जानेवारी 2015 ला उठला. बाहेरचे लोक एका अळीवरून दार लावून घेतात. आपण मात्र बाहेरचं सडकं फळ बांधावर पसरतो.

डागी फळं आणू नयेत हे सर्वांत बरं. आणलीच तर त्याच दिवशी संपतील एवढीच, पक्क्या गव्हाणीत, चाऱ्यात थोडी मिसळून द्या. आंबलेली फळं एकदम जास्त दिली तर जनावराच्या पोटात आम्लता वाढून ते आडवं होतं. उरलेलं जाड पॉलिथिन पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून दोन आठवडे कडक उन्हात ठेवा. पावसात हे जमत नाही, तेव्हा खड्डा: फळांवर कमीत कमी दोन फूट माती येईल एवढा खोल, आणि वरून पायाने चोपलेला. अर्धा फूट माती टाकून झाकलं तर माशी मातीतून आरामात वर येते. कंपोस्टच्या पोटात उष्णता असते, कडेला नसते, म्हणून फळं ढिगाच्या मध्यभागी टाका. स्वतःच्या बागेतली गळ (गळून पडलेली फळं) रोज उचला आणि तिच्यासाठीही हेच करा.

फळमाशीच्या सापळ्यासाठी प्लायवूडचा ठोकळा (5×5×1.2 सेंटिमीटर) अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल (नर माशीला ओढणारा गंध) आणि मॅलाथिऑन यांच्या 6:4:1 मिश्रणात दोन-तीन दिवस भिजवा आणि एकरी 4 सापळे टांगा. वेलवर्गीय भाज्यांसाठी मिथाइल युजेनॉल चालत नाही, क्यू ल्यूर घ्या. दापोलीच्या विद्यापीठाचा रक्षक सापळा चांगला आहे. पण सापळ्यात फक्त नर सापडतात. मादी अंडी घालतच राहते, म्हणून सापळे लावून गळ न उचलणारा माणूस माश्या मोजत बसतो. जुन्या पत्रकांवरून झाडावर मॅलाथिऑन फवारू नका. लेबलवर आपलं पीक असेल तरच वापरा.

खायचा माल बेणं म्हणून

आल्याचं बेणं महाग झालं की बाजारातलं खायचं आलं आणून लावलं जातं. बटाट्याचंही तेच. खायचा माल पेरणीसाठी तपासलेला नसतो, मग तो परदेशातून आलेला असो की शेजारच्या राज्यातून. आल्यातली मर जिवाणूची असेल तर बेणं वरून निरोगी दिसतं. कंद कापून दाबा. दुधाळ थेंब आले तर ते पोतं लावू नका. शंका असेल तर तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात अलगद धरा आणि पाच मिनिटं पाहा. पांढरी धार खाली उतरली तर संपलं. मॅन्कोझेब 3 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात 30 मिनिटं बुडवून सावलीत सुकवणं ही प्रक्रिया बुरशीसाठी आहे, जिवाणूजन्य मर तिने बरी होत नाही. होते असं सांगून वर आणखी एक बाटली विकणाऱ्याचं ऐकू नका.

पुढे ऑक्टोबरात लसणाची वेळ येईल. बाहेरून आलेल्या खायच्या लसणाच्या पाकळ्या लावल्या आणि त्यात पांढरी सड (बुरशीचा रोग) असली, तर तिच्या गाठी जमिनीत वीस-वीस वर्षं टिकतात. ते रान कांदा-लसणासाठी गेलंच. परदेशातून सामानात आणलेलं रोप आणि ऑनलाइन मागवलेलं बी यालाही परवाना लागतो. 2020 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने अनोळखी बियाण्यांच्या पाकिटांबद्दल सावध केलं होतं. असं पाकीट पेरून पाहू नका.

केळीच्या फळापेक्षा त्याच्याबरोबर आलेली माती आणि मुनवे (बुडाशी फुटणारी पिल्लं) धोक्याचे. केळीचा पनामा मर हा बुरशीचा रोग मातीतून फिरतो. परगावच्या ट्रकमध्ये गादी म्हणून अंथरलेली केळीची पानं बागेत टाकू नका. गोठ्यासाठी जुनी परदेशी लाकडी पॅलेट घेताना त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि एचटी किंवा एमबी (लाकडाला उष्णता किंवा धुरी दिल्याची खूण) ही अक्षरं पाहा. भोकातून भुकटी पडत असेल तर चिन्ह असलं तरी नको.

इतर कामं:
– रोपवाटिकेला 40 मेशची जाळी, दाराला दुहेरी पडदा
– जुन्या टोमॅटोचे वेल उपटून नष्ट करणं
– बांधावरचं गाजर गवत फुलण्याआधी उपटणं
– आल्याच्या गादीवाफ्यांना निचऱ्याचे चर
– मजुरांना साबण आणि पाण्याची बादली

अनोळखी कीड दिसली तर

जिवंत कीड हातात घेऊन दुकानात जाऊ नका. वाटेत ती सुटते आणि दुकानात तिचं नाव नव्हे, औषध मिळतं. पपईच्या पिठ्या ढेकणावर असंच झालं. फवारण्यांवर पैसा ओतला तरी तो हटेना. शेवटी 2010 ला पोर्टो रिकोहून आणलेल्या बारीकशा परोपजीवी माशीने तो आटोक्यात आणला, आणि जिथे फवारे चालू राहिले तिथे ती माशीही मेली.

कीड छोट्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाका. अळी असेल तर आधी उकळतं पाणी ओतून मग स्पिरिटमध्ये घाला, नाहीतर ती काळी पडते आणि ओळखता येत नाही. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा. बाटलीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, शाईचं अक्षर स्पिरिटमध्ये विरघळतं. चिठ्ठीवर तारीख, गाव, पीक आणि मागच्या पंधरा दिवसांत कॅरेट, बेणं किंवा रोपं कुठून आली ते लिहा. बाटली तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या. दोन्ही लांब असतील तर किसान कॉल सेंटरला 1800-180-1551 वर विचारा. उत्तर येईपर्यंत त्या प्लॉटमधली कॅरेट दुसऱ्या प्लॉटमध्ये नेऊ नका.