मांजरांसाठी फ्लॅट बघताय? आधी न्हाणीघरात जा

फ्लॅट बघायला जाल तेव्हा हॉल केवढा, स्वयंपाकघर कसं, बाल्कनीतून काय दिसतं हे सगळं नंतर. आधी न्हाणीघरात शिरा आणि वर बघा. गोव्यातल्या कितीतरी इमारतींत न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे पाइप नेण्यासाठी इमारतीत सोडलेल्या उभ्या पोकळीत, उघडते आणि तिला काचेच्या आडव्या पट्ट्या असतात. या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या पातळ खाचांत नुसत्या सरकवलेल्या असतात. ना स्क्रू, ना पुट्टी. फ्लशच्या टाकीवर चढलेलं मांजर दोन पट्ट्यांमध्ये डोकं घालून खांद्याने रेटतं, एक पट्टी खाचेतून सुटते आणि वाट मोकळी होते. मागच्या घरात हॉल, बेडरूम, बाल्कनी सगळीकडे जाळ्या बसवून घेतल्या होत्या, हीच एक खिडकी राहिली. आमची मांजर चिमी डक्टमध्ये पडली. डक्टच्या तळाशी लोखंडी दार असतं, त्याला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो चवथीला गावी गेलेला. रात्रभर ती सांडपाण्याच्या पाइपांमध्ये ओरडत होती. वाचली, पण मागचा पाय मोडला होता. म्हणून ही यादी, आणि म्हणून यादीत हे पहिलं.

दोन न्हाणीघरं असतील तर दोन्ही बघा. पाहुण्यांचं संडास वेगळं असेल तर तेही. पट्टी बोटाने वर उचलून बघा, हलली तर समजा ती मांजराला थांबवणार नाही. एक्झॉस्ट पंखा काढून नेलेला असेल तर त्या जागी वितभर भोक राहिलेलं असतं. तेही बहुधा डक्टमध्येच उघडतं. मग स्वयंपाकघरात सिंकखालचं कपाट उघडून आत मोबाइलचा टॉर्च मारा. पाइप भिंतीतून जिथे बाहेर जातो तिथे गवंड्याने पाइपाच्या दुप्पट भोक पाडून तसंच सोडलेलं असतं. पिल्लू त्यातून सहज जातं. एसीच्या पाइपाचं भोकही असंच. ही दोन सिमेंटने बुजवायला अर्धा तास पुरतो. डक्टची किल्ली कोणाकडे असते हे सेक्रेटरीला पहिल्याच भेटीत विचारा, नंबर घ्या, आणि तो माणूस गावी गेला तर दुसरी किल्ली कुठे, हेही विचारा.

परवानगी. मालकाला पहिल्या फोनवरच सांगा की मांजरं आहेत आणि किती आहेत. लपवून राहायला गेलात तर जाळी ठोकता येत नाही, आणि जाळी नसेल तर त्या घराचा काही उपयोग नाही. सोसायटीचं म्हणाल, तर ठराव करून प्राणी पाळण्यावर बंदी घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये तशा स्पष्ट मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सेक्रेटरीने कुरकुर केली तर त्या छापून हातात द्या. मालकाची गोष्ट वेगळी. घर त्याचं, करार त्याचा. म्हणून अकरा महिन्यांच्या करारात दोन वाक्यं घालूनच घ्या: मांजरं असल्याची मालकाला कल्पना आहे, आणि खिडक्या, बाल्कनी व न्हाणीघर यांना जाळी बसवण्यासाठी भिंतीत भोकं पाडायला त्याची हरकत नाही. 'न्हाणीघर' हा शब्द करारात हवा. पोलिस पडताळणी वगैरे नेहमीचं.

मजला. तळमजला नको. शेत किंवा भाट (माडांची बाग) लागून असेल तर अजिबातच नको. पावसात बिळांत पाणी भरलं की घोणस, नाग, मण्यार कोरड्या जागी येतात, आणि मांजर साप दिसला की पळत नाही, पंजा मारून बघतं. शिवाय मोकाट कुत्री, गोचीड, आणि पार्किंगमधल्या स्कूटर. वरचा मजला घेतलात तर लोक सांगतील, मांजर काय, चार पायांवर पडतं. हवेत वळतं हे खरं. पण जमिनीवर आपटताना छाती आणि जबडा मार खातात, फुप्फुसाला इजा होते, टाळू फाटतो. न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी १९८७ मध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास छापला. त्यातली उपचार केलेली नव्वद टक्के वाचली हा आकडा सगळीकडे फिरतो. पण तो दवाखान्यात आणलेल्या मांजरांचा आहे, जागीच मेलेलं मांजर कोणी दवाखान्यात नेत नाही. तेव्हा पहिला मजला असो की सातवा, जाळी लागतेच. छज्जा बघा. शेजारच्या फ्लॅटचा छज्जा तुमच्याला जोडलेला असेल तर तो मांजरांचा रस्ता आहे, आणि पावसात शेवाळलेला रस्ता आहे.

आता जाळ्या, खर्च इथे करा. सरकत्या खिडकीला बिल्डरने दिलेली डासांची जाळी फायबरची असते. मांजर नखाने ती फाडतं, आणि नाही फाडली तर पंज्याने अख्खं दारच बाजूला सरकवतं. खालच्या पट्टीत कडी बसवून घ्या आणि जाळी स्टेनलेस स्टीलची घ्या. मिरामार, करंजाळे, बोगमाळो असं समुद्राजवळ राहणार असाल तर ३१६ ग्रेडचं मागा. साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी खाऱ्या हवेत लवकर गंजते आणि गंजलेली तार बोटाने तुटते. लोखंडी ग्रिल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, गजांमधलं अंतर मोजा. ज्या फटीतून मांजराचं डोकं जातं त्यातून बाकीचं अंगही जातं. पिल्लू असेल तर चार सेंटिमीटर म्हणजेही जास्तच.

बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी चालते, पण खालची कड बघून घ्या. जाळीवाले वरच्या आणि बाजूच्या हुकांत ती ताणून बसवतात आणि खाली कठड्यापाशी सैल सोडतात, कारण कबूतर खालून रेटत नाही. मांजर खालूनच रेटतं. खाली वीतभर अंतरावर हूक मागा. उन्हाने नायलॉन कुजतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर हाताने ओढून बघा.

आणि जाळीवाला न्हाणीघर मोजत नाही. तो बाल्कनी मोजतो, बेडरूम मोजतो, आकडा सांगतो आणि निघतो. त्याला हात धरून न्हाणीघरात न्या. दोन्ही न्हाणीघरांत. पट्ट्यांच्या आतल्या बाजूने स्टीलची जाळी, ॲल्युमिनियमच्या चौकटीत, भिंतीत स्क्रूने. काच पुसता यावी म्हणून एका बाजूला बिजागरी असू दे. मात्र पत्रा किंवा प्लायवूड ठोकून ती खिडकी बंद करू नका. गॅस गिझर असेल तर आत कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वास नसतो, माणूस आंघोळ करता करता कोसळतो. हवा जायलाच हवी, मांजर जायला नको. आणि 'दार बंदच ठेवू' असं घरातलं कोणीतरी म्हणेल. न्हाणीघराचं दार कोणीही कायम बंद ठेवत नाही. कपडे भिजवलेले असतात, मूल घाईत बाहेर येतं, वाऱ्याने दार उघडतं. जाळीच लावा.

ओल. घर शक्यतो पावसात बघा, निदान पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. जून ते सप्टेंबर इथे कपाटातले चपलांचे पट्टे हिरवे होतात, मग मांजराची गादी, वेताची टोपली, खरवडायचा दोरीचा खांब यांचं काय होत असेल. दमट अंथरुणात मांजराच्या कातडीला बुरशी धरते, गोल चट्टे पडून केस जातात, आणि तेच गजकर्ण घरातल्या मुलांना होतं. गाद्या धुता येतील अशाच घ्या, ऊन पडलं की त्याच दिवशी बाहेर काढा. कोरडं खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात.

ओलीमुळेच आपण कपाटात डांबराच्या गोळ्या टाकतो. त्या काढा, सगळ्या. मांजराच्या यकृताला बरीचशी रसायनं मोडता येत नाहीत, माणसाला किंवा कुत्र्याला चालतं ते त्याला चालत नाही. त्यातलं घराघरात असणारं म्हणजे फिनेल. लादी फिनेलने पुसली, मांजर त्यावरून चाललं, पाय चाटले, की ते थेट पोटात. कामवाल्या ताईंना बाटली दाखवून सांगा, नुसतं 'नको' म्हणून भागत नाही, पर्याय हातात द्या: साबणाचं पाणी, किंवा पातळ केलेलं ब्लीच आणि नंतर स्वच्छ पाण्याचा हात. आधीच्या भाडेकरूचं मांजर त्या घरात आजारी पडून गेलं असेल तर ब्लीच हवंच. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या साथीच्या आजाराचा विषाणू लादीवर, फटींत वर्षभरसुद्धा तग धरतो आणि साध्या साबणाने जात नाही.

पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध, ज्यात परमेथ्रिन असतं, तेही. लिली घरात आणूच नका, फुलदाणीतही नाही. तिचा नुसता पराग अंगावर पडला आणि चाटला तरी मूत्रपिंडं निकामी होतात. सोसायटीच्या बागेत सायकस (पामसारखं दिसणारं शोभेचं झाड) असतो, तो विषारी. कण्हेरही. तुळस राहू दे.

पंखा. कपाटावर चढलेलं मांजर आणि छताच्या पंख्याचं पातं यांत अंतर किती उरतं ते बघून मगच कपाट लावा.

वाळूची पेटी: मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. मोठी घ्या, कपड्यांचं प्लास्टिकचं टब चालतं. न्हाणीघरात ठेवणार असाल (बहुतेक जण तिथेच ठेवतात) तर मांजर दिवसरात्र न्हाणीघरात जाणार, म्हणजे ती डक्टची खिडकी. जाळी लागण्याआधी पेटी तिथे ठेवू नका. गुठळी धरणारी वाळू पावसात हवेनेच चिकट होते, तेव्हा लाकडी गोळ्यांची बरी पडते. वाळू संडासात टाकायची नाही. इथल्या बऱ्याच इमारती सेप्टिक टँकवर आहेत, तुंबलं तर आख्खी इमारत तुमच्या दारात येईल. समुद्रावरची रेती आणायची नाही.

खाणं. नुसत्या बांगड्या-तारल्यांवर वाढलेलं मांजर घेऊन येत असाल तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते हे लक्षात ठेवा. तेव्हा मासळी महाग आणि कमी, आणि मांजर अडून बसतं. मे महिन्यातच हळूहळू दुसरं खाणं सुरू करा. तसंही रोज कच्ची मासळी देऊ नये, कच्च्या तारल्यांमुळे शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

डॉक्टर आधी शोधा, घर नंतर हलवा. पणजीच्या बाजूला टोंकचं सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे, पण रात्री आणि रविवारी कोण फोन उचलतं ते आधी विचारून ठेवा. पिल्लाला आठव्या आठवड्यापासून तिहेरी लस, मग बूस्टर, बाराव्या आठवड्यानंतर रेबीजची. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, तरी रेबीजची लस द्यायचीच. नसबंदी पाचव्या-सहाव्या महिन्यात, नाहीतर बोका जाळीवर धडका मारेल.

सामान हलवायच्या दिवशी मांजरं पिंजऱ्यात, पिंजरा एका बंद खोलीत, दारावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. हमाल दार उघडं टाकतात. नव्या घरात पहिले काही दिवस एकच खोली द्या, तीही जाळी लागलेली, जुनं न धुतलेलं अंथरूण सोबत. खायला लागलं, पेटी वापरायला लागलं, की दुसरी खोली. वॉशिंग मशीन लावण्याआधी आत हात घालून बघा. चवथीला येणाजाणाऱ्यांनी दार उघडं राहतं आणि नरकासुराच्या रात्री (नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री) ढोल-आवाजाने मांजर बिथरतं, त्या दोन्ही वेळी आतल्या खोलीत पाणी आणि पेटी देऊन दार लावून घ्या.