मेट्रो मागायच्या आधी वही-पेन घेऊन बसस्टॉपवर उभे राहा

"आमच्याकडे मेट्रो द्या" असं निवेदन नेलं की चहा येतो, फोटो निघतो आणि कागद फायलीत जातो. तीनदा झालंय हे माझ्यासोबत. चौथ्यांदा आकडे नेले तेव्हा निदान अर्धा तास ऐकून तरी घेतलं. आता पुण्याकडे कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

सकाळी ८ ते ११ स्टॉपवर उभं राहायचं, आठवडाभर, पाऊस असला तरी. बस किती आल्या हे लिहाच, पण वाट बघून कंटाळून शेअर रिक्षात कितीजण बसले ते आधी लिहा, कारण तिकीट मशीनच्या डेटात ही माणसं दिसतच नाहीत.

मग गाड्यांचं गणित. समजा रूट २० किमीचा आहे आणि जाऊन-येऊन, ट्रॅफिक आणि टर्मिनसवरचा थांबा धरून १५० मिनिटं लागतात. दर १० मिनिटांनी बस हवी तर १५ गाड्या, वर दोन स्पेअर. केंद्राच्या बेंचमार्कमध्ये लाख लोकांमागे ६० बस ही चांगली पातळी धरलीय, तेही निवेदनात टाका.

आता पैसे, इथेच सगळ्यांची गाडी अडते. बस घ्यायला पैसे निघतात हो, रिबीन कापायला मिळते ना, पण रोज चालवायला कोण देणार? समजा ठेकेदाराला किमीला ६० रुपये आणि गाडी रोज २०० किमी, तर १५ गाड्यांचे दिवसाला १ लाख ८० हजार, म्हणजे वर्षाला साडेसहा कोटी. तिकिटातून निम्मे आले तरी सव्वातीन कोटी उरतात. पीएमपीएमएलमध्ये, म्हणजे पुणे-पिंपरीच्या बस चालवणाऱ्या कंपनीत, पुणे मनपाचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०, त्यामुळे हद्दीबाहेरच्या गावासाठी रूट मागत असाल तर 'तुमचा वाटा कोण देणार' हा प्रश्न येणारच, आधी पीएमआरडीएला (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) भेटून या. २०२३ च्या पीएम-ई-बस सेवा स्कीममध्ये केंद्र १० वर्षं बस चालवायलाही मदत देतं, तो मुद्दा सोडू नका.

रेल्वेचं वेगळं. लोणावळा लोकलच्या जादा लाइनसाठी मनपाला पत्र लिहून काही होत नाही, ते रेल्वे आणि राज्याचं काम. मेट्रोला केंद्राची २०१७ ची मेट्रो पॉलिसी लागू होते, त्यात आधी बीआरटीसारख्या (बससाठी वेगळी लेन) स्वस्त पर्यायांशी तुलना आणि स्टेशनपर्यंत माणसं आणणाऱ्या फीडर बसचा प्लॅन दाखवावा लागतो, शिवाय केंद्राची मदत हवी तर खासगी सहभागही. हिंजवडी-शिवाजीनगरची २३ किमीची लाइन पीपीपीवरच, म्हणजे सरकार-खासगी भागीदारीतच आहे. आणि हो, २०२२ पासून पुण्यात घर घेताना १ टक्का मेट्रो सेस लागतो, ५० लाखांच्या फ्लॅटला ५० हजार, तेव्हा 'फुकट मागताय' असं कुणी म्हणालं तर हा आकडा पुढे करा.

अर्ज दिवाळीच्या आसपासच द्या, बजेट मांडून झाल्यावर नेला तर पुढच्या वर्षावर जातो. आणि दुसऱ्या कॉपीवर पोचचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.