नवजात उंदराच्या मज्जारज्जूत ‘थेट जोडणी सापडली’ म्हणण्याआधी या चुका टाळा

डॉर्सल रूटला (मज्जारज्जूत संवेदना आणणाऱ्या तंतूंच्या जुडीला) शॉक दिला, काही मिलिसेकंदांत व्हेंट्रल रूटवर (स्नायूंकडे आज्ञा नेणाऱ्या जुडीवर) लाट उठली आणि वहीत लगेच लिहिलं गेलं, ‘थेट जोडणी’. नवजात उंदरांच्या मज्जारज्जूवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या पहिल्या वहीत असं एक पान सापडेल. माझ्या वहीत आहे. निष्कर्ष चुकलाच होता असं नाही, पण तो बरोबर आहे हे ठरवण्यासाठी लागणारी एकही तपासणी मी केलेली नव्हती.

बहुतेक चुकांचं मूळ एकच. पिल्लाचा मज्जारज्जू म्हणजे मोठ्या उंदराच्या मज्जारज्जूची लहान आवृत्ती, असं आपण मनात धरून चालतो. पिल्लू जन्मतं तेव्हा नुसतं वळवळतं, आणि पोट उचलून, पायांवर वजन पेलून चालायला त्याला दीड-एक आठवडा लागतो. त्या दिवसांत आत मोठी उलथापालथ चाललेली असते. काही सायनॅप्स (चेतापेशींमधले सांधे) बळकट होतात, काही मागे पडतात, क्लोराइडचा समतोल सरकतो आणि पेशींमधले विद्युत-दुवे कमी होत जातात. म्हणून पिल्लाचं वय नेमकं लिहा. जन्माचा दिवस तुम्ही ‘शून्य’ धरता की ‘एक’, हेही लिहा. दोन प्रयोगशाळांचे निकाल एवढ्यावरूनच एकेक दिवस हललेले मी पाहिले आहेत. दोन दिवसांची आणि पाच दिवसांची पिल्लं एकाच सरासरीत घालू नका.

आधी द्रावण, मग शोध

नवजात पिल्लाचा मज्जारज्जू इतका बारीक असतो की शरीराबाहेर काढल्यावरही द्रावणातून मिळणाऱ्या ऑक्सिजनवर तो ताटलीत तासन् तास काम देतो. पहिला आठवडा सरत आला की गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचणं अवघड होतं. मग ‘या वयात प्रतिसाद नाहीसा झाला’ हा शोध प्रत्यक्षात गुदमरलेल्या ऊतीचा असू शकतो. वय वाढवायचं असेल तर मज्जारज्जू मधोमध उभा चिरून अर्धा वापरा किंवा स्लाइसवर (पातळ कापांवर) या.

द्रावणात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सतत हवेत. हा कार्बन डायऑक्साइड शोभेला नसतो. बायकार्बोनेटच्या जोडीने तो पीएच ७.४च्या आसपास धरून ठेवतो. गॅस सुरू करण्याआधीच कॅल्शियम घातलं तर बाटलीत दुधाळ गढूळपणा येतो. तो दिसला की बाटली सरळ ओतून द्या. गाळून वापरायचा मोह होतो, पण तेव्हा द्रावणात कॅल्शियम नक्की किती उरलंय हे कुणालाच सांगता येत नाही, आणि सायनॅप्सचा सगळा कारभार कॅल्शियमवरच चालतो.

‘थेट’ हा शब्द जपून

संवेदी चेतापेशीपासून स्नायूंना आज्ञा देणाऱ्या प्रेरक चेतापेशीपर्यंत मध्ये कुणी सहयोगी (मध्यस्थ) चेतापेशी नाही, हे कसं ठरवायचं? प्रौढ प्राण्यांच्या अभ्यासातून आलेले दोन ठोकताळे सगळ्यांच्या तोंडी असतात. विलंब अगदी कमी हवा आणि झपाझप दिलेल्या शॉकांना प्रतिसाद टिकून राहायला हवा. पिल्लामध्ये हे दोन्ही ठोकताळे दगा देतात.

विलंबाचं सांगायचं तर, पिल्लाचे तंतू बारीक असतात, त्यांच्यावर मायलिनचं आवरण पुरतं चढलेलं नसतं, आणि आपण बहुधा खोलीच्या तापमानाला रेकॉर्ड करत असतो. थेट मार्गसुद्धा इथे सावकाश वाटतो. प्रौढ मांजरावरच्या मोजमापातला आकडा उचलून इथे लावला, तर खरी जोडणी हातची जाते. तापमान न लिहिता विलंब लिहिणं म्हणजे एकक न लिहिता लांबी लिहिणं.

दुसरा ठोकताळा त्याहून फसवा. नवजात उंदरात हा संवेदी-प्रेरक सायनॅप्स लवकर थकतो. शॉक जवळजवळ दिले की लाटेची उंची झपाट्याने खाली येते. नवखा माणूस म्हणतो, ‘टिकला नाही, म्हणजे मध्ये कुणीतरी आहे.’ पण थकवा म्हणजे मध्यस्थ नव्हे. लाटेची उंची बाजूला ठेवा आणि तिची सुरुवात बघा. वीस-एक नोंदी एकावर एक ठेवा. उंची घसरली तरी सुरुवातीचा क्षण जागचा हलत नसेल, तर थेट मार्गाची बाजू भक्कम होते. सुरुवातच पुढेमागे डोलत असेल, मधूनच लाट येतच नसेल, तर मध्यस्थ शोधा. मूळ उंची मोजायची असेल तेव्हा दोन शॉकांमध्ये दहा-वीस सेकंद तरी जाऊ द्या. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही वाढवलेल्या द्रावणात पेशींचा उंबरठा वर जातो आणि लांबचे, अनेक टप्प्यांचे मार्ग गळतात. हा प्रयोग करायला अर्धा तासही लागत नाही, तरी तो टाळला जातो.

शॉकची ताकद वाढवत नेण्याची खोडही सोडा. रूट अगदी आखूड कापलं असेल आणि सक्शन इलेक्ट्रोडचं (रूट आत ओढून शॉक देणाऱ्या नळीचं) तोंड त्यावर घट्ट बसलं नसेल, तर वीज शेजारी पसरते आणि तुम्ही थेट मज्जारज्जूलाच चेतवता. प्रतिसाद सुंदर दिसतो, पण त्याला अर्थ नसतो.

क्लोराइडने केलेली फजिती

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक या सदरातली. रेनशॉ पेशींकडून, म्हणजे प्रेरक पेशींना आवर घालणाऱ्या सहयोगी पेशींकडून, प्रेरक पेशीकडे येणारं दमन मला पाहायचं होतं. पाहतो तर दमनाऐवजी पेशी जोमाने उत्तेजित होतेय. दोन दिवस मी हवेत होतो. नवजात पिल्लात दमन म्हणजेच उत्तेजन, असा मथळाही मनात तयार झाला होता. तिसऱ्या दिवशी, पेशीतून रेकॉर्ड करणाऱ्या काचेच्या पिपेटमध्ये जे द्रावण भरत होतो त्याच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचली: पोटॅशियम क्लोराइड. पिपेटमधून पेशीत बाहेरच्याइतकंच क्लोराइड मी स्वतःच भरत होतो. अशा वेळी क्लोराइडचा समतोल-विभव (ज्या विभवाला त्याचं आत-बाहेर जाणं बरोबरीत येतं) शून्य मिलिव्होल्टच्या आसपास येतो, आणि ग्लायसिन वा गॅबा या दमनाच्या रसायनांचा कोणताही चॅनेल (पडद्यातलं आयनांचं दार) उघडला की पेशी वरच उसळते. पिपेटमध्ये १० मिलिमोलर आणि बाहेर १३० असेल, तर तोच समतोल उणे ६५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो. पिल्लाचा यात काही संबंधच नव्हता.

खरी गंमत अशी की मथळ्यात थोडं तथ्यही होतं. भ्रूणावस्थेत केसीसी२ हा क्लोराइड बाहेर ढकलणारा वाहक कमी असतो, म्हणून गॅबा आणि ग्लायसिन खरोखरच पेशीचा विभव वर नेतात, आणि जन्माच्या आगेमागे ही स्थिती पालटत जाते. म्हणूनच पेशीच्या आतलं खरं क्लोराइड न बिघडवता मोजणं भाग आहे. त्यासाठी ग्रॅमिसिडिन या रसायनाने भोकं पाडलेला पॅच (पिपेटच्या तोंडाला चिकटलेला पेशीपडद्याचा तुकडा) वापरतात, कारण त्या भोकांतून क्लोराइड जात नाही. आणि विभव वर गेला म्हणजे आवेग सुटलाच, असंही समजू नका. उघडे चॅनेल पडद्याचा रोध कमी करतात आणि इतर उत्तेजनाची धार बोथट करतात. विभव वर जाऊनही दमन होऊ शकतं.

एकाच रसायनावर भरवसा

प्रेरक पेशी रेनशॉ पेशींशी ॲसिटिलकोलिनने बोलतात, हे १९५४ साली एक्ल्स, फॅट आणि कोकेत्सू यांनी मांजरावर दाखवलं. मग त्या ॲसिटिलकोलिनचे निकोटिनिक ग्राही (संदेश पकडणारे रेणू) बंद करणारं औषध घातल्यावरही प्रतिसादाचा एक भाग उरला, तर औषध कमी पडलं असंच वाटतं. मात्रा वाढवू नका. २००५ साली दोन गटांनी नवजात उंदरांवर स्वतंत्रपणे दाखवलं की प्रेरक पेशींच्या मज्जारज्जूतल्या शाखा ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाद्वाराही उत्तेजन देतात. उरलेला भाग ग्लुटामेटचे ग्राही अडवून तपासा.

तोही बंद करून काही उरलं तर? लहान वयात प्रेरक पेशी एकमेकींशी गॅप जंक्शननेही (थेट विद्युत-दुव्यांनीही) जोडलेल्या असतात. तो दुवा ग्राही अडवणाऱ्या औषधांना दाद देत नाही. कार्बेनॉक्सोलोन घालून तो तोडला असं म्हणण्याचा प्रघात आहे, पण हे औषध इतरही बरंच काही बिघडवतं. दोन पेशींतून एकाच वेळी रेकॉर्ड करून एकीतला प्रवाह दुसरीत उतरतो का, हे पाहणं कष्टाचं आहे, पण मला तरी तेवढंच पटतं. बायक्युक्युलिनचंही तसंच. गॅबाच्या ग्राहींसोबत ते काही पोटॅशियम चॅनेलही अडवतं, तेव्हा गॅबाझिन बरं.

ठिपक्याला ठिपका टेकला म्हणून

रंगवलेल्या स्लाइसमध्ये व्हीग्लूट१चा (ग्लुटामेट सोडणाऱ्या टोकांची खूण असलेल्या प्रथिनाचा) ठिपका प्रेरक पेशीला चिकटलेला दिसतो. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक आडव्या दिशेला साधारण २०० नॅनोमीटरपर्यंत फरक ओळखतो, उभ्या दिशेला त्याची नजर त्याहून अधू असते. सायनॅप्समधली फट साधारण २० नॅनोमीटरची असते. म्हणजे चित्रात जे टेकलेलं दिसतं ते प्रत्यक्षात शेजारून निघून गेलेलंही असू शकतं. समोरच्या बाजूची खूणही रंगवा, दमनाच्या सायनॅप्ससाठी गेफायरिन हे प्रथिन. आणि मोजणी झाली की एका रंगाचं चित्र ९० अंशांत फिरवून तीच मोजणी पुन्हा करा. फिरवलेल्या चित्रातही ठिपके जवळपास तितकेच टेकत असतील, तर तुम्ही मोजलेली गोष्ट ठिपक्यांची गर्दी होती.