वास सहन होत नसेल तर घरात फ्लोअरिंग कोणतं घालावं

नवीन रंग, परफ्युम, नवीन फर्निचर यांच्या वासाने ज्यांचं डोकं धरतं, घसा खवखवतो, छातीत भरून आल्यासारखं होतं त्यांनी फ्लोअरिंग घेताना डिझाईन नंतर बघा, आधी विचारा की हे खाली चिकटणार कशाने? कारण कितीतरी वेळा त्रास वरच्या फरशीचा नसतोच, तो खालच्या ॲडहेसिव्हचा, सांध्यातल्या ग्राउटचा नाहीतर वरून मारलेल्या सीलरचा असतो. आणि पडदा नाही पटला तर काढून ठेवता येतो, फरशी उखडायची म्हणजे घर सोडायची वेळ येते.

माझं मत विचाराल तर सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइल, डोळे झाकून. ती भट्टीत हजार डिग्रीच्या वर भाजून निघालेली असते, हवेत उडेल असं तिच्यात काही उरतच नाही. बसवायला साधं सिमेंट-वाळू किंवा पावडरमधलं सिमेंटवालं ॲडहेसिव्ह घ्या, डब्यात तयार मिळणारं नको. सांधे भरायलाही सिमेंटचंच ग्राउट. इपॉक्सी ग्राउट म्हणजे राळ आणि ती कडक करणारा हार्डनर असे दोन भाग कालवून बनवायचं ग्राउट; त्यावर डाग पडत नाहीत म्हणून सगळे तेच सुचवतात, पण सुकेपर्यंत त्याच्या हार्डनरला माशासारखा उग्र वास असतो, आणि दोन्ही भाग वजनाने नीट न घेता मिस्त्रीने अंदाजपंचे कालवले तर ते पूर्ण कडक होत नाही आणि वास रेंगाळतो. बाथरूमसाठी घालायचंच असेल तर वजनकाटा घेऊन स्वतः उभं राहा.

दगडी फरशीही चांगली, फक्त सीलर सॉल्व्हंटवाला नको, पाण्यातला घ्या. मुळात सीलर लागतोय का तेच आधी बघा, दगडावर पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा, खाली डाग गडद झाला नाही तर दगड पाणी पीत नाहीये, मग कशाला मारायचा.

लाकडाचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. लॅमिनेटच्या आत दाबलेला लाकडी भुसा असतो आणि तो बहुतेकदा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने धरलेला असतो, हवा गरम आणि दमट झाली की त्यातून फॉर्मल्डिहाइडचा झोंबणारा गॅस जास्त सुटतो, म्हणून कोरड्या थंड शोरूममध्ये बिनवासाचं वाटलेलं घरी वेगळं वागू शकतं. ई१ असा शिक्का दिसेल, त्याचा अर्थ टेस्ट चेंबरच्या हवेत फॉर्मल्डिहाइड साधारण ०.१ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग) आत राहिलं एवढाच, अजिबात नाही असा नाही. अख्ख्या लाकडाच्या पट्ट्या घेतल्या तर कारखान्यातच फिनिश केलेल्या घ्या, घरात पॉलिश मारत बसू नका. पाइनसारखी राळ असलेली लाकडं टाळा, त्यांचा वास नैसर्गिकच असतो पण नाकाला त्याचं काय! लिनोलियमचंही तसंच, जवसाच्या तेलाचं बनतं, इको-फ्रेंडली म्हणून खपतं आणि वास मात्र कित्येक महिने जात नाही.

व्हिनाइल मी तरी घालणार नाही. मऊ व्हिनाइलमध्ये प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं असतात, आणि खालचा काँक्रीटचा स्लॅब ओला असेल तर ओल आणि सिमेंटचा अल्कली मिळून त्या प्लास्टिसायझरचं आणि गोंदाचं विघटन होतं, मग वर्षं झाली तरी गोडसर कुबट वास येत राहतो. ओल तपासायला दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने स्लॅबवर चिकटवा, १६ तासांनी उचला, खाली पाण्याचे थेंब किंवा काळसर डाग दिसला तर कुठलंच फ्लोअरिंग चिकटवायची घाई नको. भिंतीपासून भिंतीपर्यंतचं कार्पेट तर नकोच, अमेरिकेत १९८७-८८ मध्ये खुद्द पर्यावरण खात्याच्या, म्हणजे ईपीएच्या मुख्यालयात नवीन कार्पेट टाकल्यावर कर्मचाऱ्यांनी आजारी पडल्याच्या तक्रारी केल्या होत्या.

डब्यावर 'लो व्हीओसी' (म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी) लिहिलंय म्हणून भुलू नका, तो आकडा डब्यात किती आहे त्याचा असतो, खोलीच्या हवेत किती येतं त्याचा नाही. एमिशनचं, म्हणजे हवेत किती सुटतं त्याचं सर्टिफिकेट मागा, फ्लोअरिंगसाठी फ्लोअरस्कोर किंवा ग्रीनगार्ड गोल्ड, ॲडहेसिव्हसाठी एमिकोड ईसी१ प्लस. पण हेही सर्वसामान्य माणूस धरून ठरवलेलं असतं, तुमचं नाक त्यात मोजलेलं नसतं.

म्हणून खरी परीक्षा बरणीची. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत सॅम्पलचा तुकडा घाला, तुकडा कापलेला असू द्या कारण लॅमिनेट-प्लायचा गॅस कापलेल्या कडेतून जास्त येतो, झाकण लावून दिवसभर उबदार जागी ठेवा, शेजारी तशीच रिकामी बरणी ठेवा म्हणजे झाकणाचाच वास आहे का ते कळेल. आधी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या, त्रास जास्त असेल तर तुम्ही थेट नाक घालू नका. त्यात पास झालं तर तुकडा काही रात्री उशाजवळ ठेवून झोपून बघा. ॲडहेसिव्ह, ग्राउट, सीलर यांचंही हेच, टाइलच्या तुकड्यावर लावून पूर्ण सुकवून मग बरणीत, आणि शेवटी सगळं एकत्र करून.

जुनी फरशी काढायची असेल तर थांबा. १९८० च्या आधीच्या नऊ इंची व्हिनाइल टाइलमध्ये आणि त्याखालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याचे बारीक तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसांना घातक, म्हणून घासायचं-खरवडायचं नाही, टेस्ट करून घ्या. टाइल धड असतील तर त्यांना हात न लावता त्यावरच नवीन थर देणं बरं.

काम चालू असताना तुम्ही घरात नको, आणि गाद्या, पडदे, कपडे पण नको कारण ते वास शोषून घेतात आणि नंतर सावकाश सोडत बसतात. मिस्त्रीला सामान लिहून द्या, 'तेच नव्हतं म्हणून दुसरं आणलं' हे शेवटच्या दिवशी हमखास ऐकू येतं. उरलेल्या चार-दोन टाइल आणि ॲडहेसिव्हच्या पिशवीचा फोटो जपून ठेवा, पुढे एखादी टाइल फुटली की तेच सामान मागता येईल, कंपनी बदलली तर बरणी परत काढावी लागेल.