डिजिटल फॉरेन्सिकला प्रवेश घेतलाय? आधी टाइमस्टॅम्पशी भांडून घ्या

पहिल्या सेमिस्टरला वर्गातले निम्मे लोक काली लिनक्स (सुरक्षा चाचणीची साधनं भरलेली ऑपरेटिंग सिस्टम) टाकून बसलेले असतात. टाका, हरकत नाही. पण त्यातली साधनं चालवता येणं आणि फॉरेन्सिक येणं यांचा संबंध फार थोडा आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

हॅश (फाइलचा डिजिटल ठसा), राइट ब्लॉकर (मूळ डिस्कवर काही लिहू न देणारं साधन), चेन ऑफ कस्टडी (पुरावा कोणाकोणाच्या हातून गेला त्याची नोंद) हे सगळं महिन्याभरात तोंडपाठ होतं, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त जुन्या नोट्समध्ये एकटा एमडी५ हा जुना हॅश दिसला तर तो तसाच उतरवू नका. २०१७ मध्ये तर शा-१ चंही कोलिजन, म्हणजे दोन वेगळ्या फाइल्सचा एकच हॅश, जाहीर झालं. रिपोर्टमध्ये शा-२५६ द्या आणि पुढे चला.

मला घोळात घेतलं ते टाइमस्टॅम्पनी, म्हणजे फाइलवरच्या वेळेच्या नोंदींनी. हे जरा सविस्तर सांगते, कारण शिकवताना यावर एखादी स्लाइड येते आणि मार्क मात्र इथेच जातात.

असाइनमेंट साधारण अशी असते: एक लॅपटॉपची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत), एक पेन ड्राइव्हची, आणि फाइल कुठून कुठे गेली ते सांगा. ऑटोप्सी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन काढली की दिसतं, पेन ड्राइव्हवरच्या फाइलची क्रिएटेड वेळ मॉडिफाइडच्या नंतरची आहे. म्हणजे तयार व्हायच्या आधीच बदललेली! आपण लगेच छेडछाड झाली असं लिहून मोकळे होतो. छेडछाड वगैरे काही नसते. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की नव्या जागी क्रिएटेड वेळ कॉपीच्या क्षणाची पडते आणि मॉडिफाइड वेळ जुनीच सोबत येते. ही उलटी जोडी बहुतेक वेळा फक्त कॉपी झाल्याची खूण असते.

दुसरा थर याहून वाईट. एनटीएफएस ही विंडोजची फाइल सिस्टम वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवते, १ जानेवारी १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांत मोजून. पेन ड्राइव्हवर फॅट३२ ही जुनी फाइल सिस्टम असेल तर तिथे लिहिणाऱ्या मशीनची स्थानिक वेळ तशीच्या तशी पडते, झोनची नोंदच नाही. मॉडिफाइड वेळ तर दोन-दोन सेकंदांच्याच टप्प्यांत. म्हणजे दोन्ही इमेज एका टाइमलाइनवर आणायच्या तर ते मशीन कोणत्या झोनमध्ये होतं हे आधी शोधावं लागतं. लॅपटॉपच्या विंडोज रजिस्ट्रीतल्या सिस्टम हाइव्हमध्ये टाइमझोन इन्फर्मेशन नावाची की आहे, ती पाहा. मुळात त्याचं घड्याळ बरोबर होतं का, हेही तपासा. डेटा सोर्स जोडताना ऑटोप्सी टाइम झोन विचारतं. तिथे सगळे नेक्स्ट दाबतात, आणि मग काही तासांचा फरक आरोपीच्या माथी मारतात.

ॲप्सची तऱ्हा आणखी वेगळी. क्रोमच्या हिस्टरीत १६०१ पासूनचे मायक्रोसेकंद, युनिक्सचे सेकंद १९७० पासून, ॲपलच्या कित्येक डेटाबेसमध्ये गणती १ जानेवारी २००१ पासून. ॲपलचा आकडा युनिक्सचा समजून वाचला तर २०२४ मधली नोंद १९९३ ची दिसते. एवढी मोठी चूक निदान डोळ्यांत भरते. तीन-चार तासांची भरत नाही, म्हणून तीच जास्त नडते.

घाबरू नका. हे एकदा हाताने केलं की डोक्यात बसतं. हेक्स एडिटरमध्ये (कच्चे बाइट्स दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) एमएफटीची, म्हणजे एनटीएफएसच्या फाइलनोंदींच्या तक्त्याची, एकच एंट्री उघडा आणि वेळेचे आठ बाइट्स उलट्या क्रमाने घेऊन स्वतः तारीख काढा. मग त्याच एंट्रीतल्या स्टँडर्ड इन्फर्मेशनमधल्या वेळा आणि फाइल नेम ॲट्रिब्यूटमधल्या वेळा शेजारी ठेवा. पहिल्या साध्या प्रोग्रामनेही बदलता येतात, दुसऱ्यांना तसा सहज हात लावता येत नाही, म्हणून तफावत दिसली तर थांबायचं. मात्र फाइल हलवली किंवा तिचं नाव बदललं तरीही तफावत पडू शकते, तेव्हा तेवढ्यावरून कोणाला पकडू नका.

सीनियरकडून मागच्या वर्षीचा रिपोर्ट मागून आणणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तोंडी परीक्षेत 'हे कशावरून?' एवढं विचारलं की गाडी अडते. गाइड निवडतानाही माझा निकष हाच आहे: जो लगेच उत्तर देतो त्याच्यापेक्षा जो 'कशावरून' विचारून छळतो तो बरा. त्या वेळी राग येतो, खूप येतो. सर्टिफिकेटांचा ढीग नंतर जमवा, आधी नेटवर्किंग आणि ऑपरेटिंग सिस्टम हे कंटाळवाणे विषय नीट करा. ते कच्चे राहिले तर वायरशार्क (नेटवर्क तपासणारं) आणि व्होलॅटिलिटी (मेमरी तपासणारं) ही साधनं नुसत्या रंगीत ओळी दाखवतात.

रिपोर्टमध्ये 'त्याने फाइल उघडली' असं कधीच लिहू नका. 'या युजर अकाउंटवरून फाइल उघडल्याची नोंद आहे' इतकंच लिहा. कीबोर्डसमोर कोण बसलं होतं ते डिस्क सांगत नाही.

सरावासाठी एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेच्या सीएफरेड्स आणि डिजिटल कॉर्पोराच्या इमेज फुकट मिळतात. मित्राच्या फोनवर परवानगीशिवाय प्रयोग नकोत, गमतीतही नकोत. आणि या आठवड्यात करायचं असेल तर एक रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, फॅट३२ करा, त्यावर फाइल कॉपी करा, नाव बदला, पुन्हा सेव्ह करा. प्रत्येक पायरीआधी क्रिएटेड, मॉडिफाइड आणि ॲक्सेस्ड या नोंदी काय होतील ते कागदावर लिहा, मग इमेज काढून ताडून पाहा. नंतर तोच खेळ एनटीएफएसवर.