ईसीजी 10 मिनिटांत निघतो का? रजिस्टर उघडून मोजा

छातीत दुखणारा पेशंट आला की 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा. आमच्या कॅज्युअल्टीत तो निघतोच, असं इन्चार्ज सिस्टर म्हणून मी खात्रीने सांगायचे. एकदा महिन्याभराचे केस पेपर घेऊन बसले आणि ती खात्री गेली. हे तुम्हीही करा. कॉम्प्युटर लागत नाही, दोन दुपारी पुरतात.

आधी ईसीजी मशीनचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. आमचं 17 मिनिटं मागे होतं, त्यामुळे काही जणांचा ईसीजी ते दारात यायच्या आधीच निघालेला दिसत होता! जेवढा फरक, तेवढी दुरुस्ती जुन्या ईसीजीच्या कागदांवर छापलेल्या वेळेत करा, मग घड्याळ लावा.

कागदावर चार रकाने आखा: ओपीडी नंबर, आल्याची वेळ, ईसीजीची वेळ, शिफ्ट. पेशंटचं नाव नको. सिस्टर-डॉक्टरांचं तर मुळीच नको. नावं आली की पुढच्या महिन्यात सगळ्यांच्याच वेळा ‘5 मिनिटं’ लिहून येतात. ज्याचा ईसीजी निघालाच नाही त्याचा रकाना रिकामा ठेवा, पण ओळ गाळू नका.

रजिस्टरमध्ये ‘छातीत दुखणे’ एवढंच शोधून थांबू नका. ‘गॅस झालाय’, ‘जळजळतंय’, ‘दम लागतोय’, ‘दरदरून घाम’ हेही बघा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये हार्ट अटॅक बऱ्याचदा असाच येतो. एका आजींच्या पेपरवर ॲसिडिटी लिहून इंजेक्शन दिलेलं होतं, ईसीजी दीड तासाने. तो पेपर मी बराच वेळ हातात धरून बसले होते.

सरासरी काढू नका. आल्यापासून ईसीजीपर्यंत 8, 12, 15, 22, 140 अशी मिनिटं असली तर सरासरी 39 च्या वर जाते, एकच पेशंट रखडला म्हणून. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या: 15. त्या 140 वाल्याचा पेपर मात्र वेगळा काढून वाचाच.

मग शिफ्टप्रमाणे वाटा. आमच्याकडे उशीर रात्रीचा निघाला. मशीन वॉर्डातल्या कपाटात, किल्ली तिथल्या सिस्टरकडे, आणि केस पेपर झाल्याशिवाय ईसीजी काढायचा नाही असा शिरस्ता. डॉक्टरांशी बोलून मशीन, जेली, पेपर रोल सगळं ट्रॉलीवर कॅज्युअल्टीतच आणलं. आता ईसीजी आधी, केस पेपर नंतर. दारातली वेळ वॉर्डबॉय मामा चिठ्ठीवर टिपतात. पुढच्या महिन्यात तेच रकाने पुन्हा भरले. रात्रीचा मधला आकडा 34 वरून 12 वर आलाय. दहाच्या आत अजून नाही, म्हणून मोजणं चालूच आहे.