मिनी ट्रॅक्टरला स्लॅशर घेताय? या चुका टाळा

द्राक्ष, पेरू, डाळिंबाच्या बागेत गवत वाढू द्यायचं आणि स्लॅशरने कापून तिथेच आच्छादन करायचं, असं आता बरेच जण करतात. यंत्र साधं असतं. वर गिअरबॉक्स, खाली आडवी फिरणारी जाड पाती. घोळ होतो तो रुंदी ठरवताना.

पहिली चूक म्हणजे बॉनेटवरचा आकडा धरून चालणं. २४ एचपी ही इंजिनाची ताकद झाली. स्लॅशर फिरतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजाराला ताकद देणाऱ्या फिरत्या दांड्यावर. २४ एचपीच्याच एका मॉडेलला पीटीओवर १८ च्या आसपास मिळतात, तर दुसऱ्याला २२. माहितीपत्रकात पीटीओ एचपीची वेगळी ओळ असते, ती आधी वाचा. ठोकताळा असा की कापणीच्या दर फुटाला ५ पीटीओ एचपी लागतात. २० असतील तर ४ फुटी, ५ फुटीला २५. विक्रेता म्हणेल, ‘चालतं हो!’ कोवळ्या गवतात चालतंही. पण हिशोब धरायचा तो पावसाळ्यानंतर कमरेएवढं वाढलेल्या गाजरगवताचा.

दुसरी चूक ‘मोठा घेतला की फेऱ्या वाचतील’ ही. ओळींमधलं अंतर ९ फूट असेल तर ५ फुटी स्लॅशरलाही दोनच फेऱ्या लागतात आणि ४ फुटीलाही दोनच. ४ फुटीने ८ फूट कापलं जातं. उरलेलं अर्धा-अर्धा फूट खोडाजवळचं, जिथे ठिबकच्या नळ्या असतात आणि स्लॅशर तसाही घालायचा नसतो. मग जास्तीचा फूट कशाला ओढायचा? अर्थात फार लहानही नको. मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा स्लॅशर थोडा रुंद हवा, नाहीतर टायरखाली दबलेलं गवत तसंच राहून नंतर उभं राहतं.

स्लॅशर झेपत नसेल तर ट्रॅक्टर लगेच सांगतो. दाट पट्टा आला की आवाज बसतो, काळा धूर येतो, आणि मागे गवत कापल्यासारखं नाही, ओरबाडल्यासारखं दिसतं. अशा वेळी अॅक्सिलरेटर कमी करू नका. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर राहील एवढे इंजिनाचे फेरे ठेवा आणि खालचा गिअर टाका. तरीही ओरबाडत असेल तर पात्यांची धार बघा. बोथट पात्याला जास्त ताकद लागते. पुढच्या वेळी आधी उंच कापा, मग दुसऱ्या फेरीत खाली घ्या.

काही मिनी ट्रॅक्टरांना पीटीओचे दोन वेग असतात, ५४० आणि ७५०. गवत नीट कापलं जात नाही म्हणून ७५० टाकणं ही सगळ्यांत धोकादायक चूक आहे. ५४० साठी बनवलेल्या स्लॅशरची पाती मग जवळपास ४० टक्के जास्त वेगाने फिरतात. बेअरिंग जातं ते परवडलं, पण सुटलेलं पातं किंवा उडालेला दगड माणसाला लागू शकतो. साखळीचा पडदा काढून तर कधीच चालवू नका.

राहिला शाफ्ट, म्हणजे पीटीओ आणि स्लॅशर जोडणारा, एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचा दांडा. मिनी ट्रॅक्टर आखूड असतो, त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरचा शाफ्ट तसाच बसवला तर लिफ्ट वर-खाली होताना तो पुरता आत दाबला जातो आणि गिअरबॉक्सवर ठोकतो. पीटीओ बंद ठेवून लिफ्ट पूर्ण वर, मग पूर्ण खाली घ्या आणि दोन्ही वेळा इंजिन बंद करून नळ्या कुठे टेकत नाहीत ना ते पाहा. टेकत असतील तर दोन्ही नळ्या सारख्याच कापून घ्या. आणि ओळीच्या टोकाला स्लॅशर उचलून वळताना पीटीओ बंद करा. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस अनेकदा तिथेच तुटतात.